हॉबच्या मागे काय लावू? आधी फटीचं बोलू

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर, स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर. आई-बाबा तिथे राहतात, तुम्ही पुण्यात बसून काम करवून घेताय. ओटा नव्यानं करून त्यात चार बर्नरचा, काचेचा हॉब, म्हणजे ओट्यात पक्की बसणारी गॅसची शेगडी, बसवायचा आहे. ओट्यामागची भिंत विटांची नाही, सागाच्या चौकटीत फळ्या आणि वर गिलावा अशी आहे, आणि ती पाडायला बाबांचा साफ नकार. इंटिरिअरवाल्यानं मागे पीव्हीसीची मार्बल शीट, ओट्याला क्वार्ट्झ आणि हॉबच्या उजव्या अंगाला अगदी चिकटून उंच कपाट असं काढून दिलंय. यातलं ‘हीटप्रूफ’ कोणतं आणि हॉबपासून किती अंतर ठेवायचं, असं तुम्ही विचारलंत.

मी बडोद्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय. पहिली आठ दगडाच्या कामात गेली, पुढची ओटे आणि गॅसची उपकरणं बसवण्यात. ‘हीटप्रूफ’ हा शब्द मी दुकानाबाहेर फारसा ऐकलेला नाही. कुठलीही वस्तू उष्णता गिळून बसत नाही, ती आज ना उद्या पलीकडे देते. तुमच्या घरात पलीकडे शंभर वर्षं वाळलेला साग आहे. त्यामुळे टाइल की काच हे नंतर ठरवू. टाइलच्या किंवा काचेच्या पाठीमागे पोचलेली उष्णता बाहेर कुठून पडणार, हे आधी ठरलं पाहिजे.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर फिरतं. हॉबचा बर्नर हवा वरून घेतो की खालून? गॅस पाइपचा की सिलिंडरचा? गिलाव्याच्या आत नुसत्या फळ्या आहेत की मध्ये विटांचा भराव आहे? आणि घरात रोज काय शिजतं? दोन माणसांचा कुकर आणि चार पोळ्या ही एक गोष्ट, दिवाळीत चार तास चालणारी चकलीची कढई ही दुसरी. मी नेहमी कढईच्या दिवसाचा हिशोब धरतो, कारण नुकसान होतं ते त्याच दिवशी.

आता मागच्या भिंतीकडे येऊ. ज्योत वर जाते एवढंच आपण बघतो. पण भांडं ठेवलं की ज्योत त्याच्या बुडाला आपटते आणि कडेनं बाहेर फाकते. त्या कडेची गरम हवा भिंतीला घासत वर चढते. शिवाय तापलेला लोखंडी तवा स्वतःच उष्णता फेकत असतो. नेहमीच्या २४ इंची ओट्यावर हे कसं बसतं ते पाहा. २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. हॉबच्या कटआउटची, म्हणजे हॉब बसवायला दगडात कापायच्या चौकोनाची, खोली बहुतेक मॉडेलांत ४८० ते ४९० असते. पुढे ५५ची पट्टी सोडली तर मागे उरतात ६५ ते ७५, त्यातही हॉबची काच कटआउटच्या बाहेर थोडी येते. म्हणजे काचेची मागची कड भिंतीपासून पाच-सहा सेंटिमीटरवर. मागच्या बर्नरचा मध्य तिथून आणखी १३-१४ सेंटिमीटर पुढे. त्यावर ३० सेंटिमीटरचा भाकरीचा तवा ठेवला की त्याची कड भिंतीपासून जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटरवर येते. तुमच्या इंटिरिअरवाल्याच्या चित्रात सगळ्या बर्नरवर छोटे, गोंडस सॉसपॅन असणार. भाकरीचा तवा त्या चित्रांत कधीच नसतो.

लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस लागतात, भिंत एवढी थोडीच तापते, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. नव्या लाकडाच्या बाबतीत ते खरं आहे. पण महिनोन् महिने, वर्षानुवर्षं शंभराच्या आसपास किंवा त्यापुढे तापत राहिलेलं लाकूड आतून वाळतं, तपकिरी होतं, मग काळवंडतं, आणि असं लाकूड पुष्कळ कमी तापमानाला धुमसायला लागू शकतं. बाहेरून काही कळत नाही, कारण वर टाइल किंवा शीट असते. थंड देशांत खोली तापवायला मोकळ्या उभ्या ठेवायच्या, लाकूड जाळायच्या शेगड्या असतात, तिथे हा धोका फार जुना आणि चांगला अभ्यासलेला आहे. युरोपात त्या शेगड्यांची चाचणी घेताना शेजारचं लाकूड खोलीच्या तापमानापेक्षा ६५ अंशांहून जास्त तापता कामा नये असा नियम आहे. तिकडे खोली २० अंशांची, म्हणजे मर्यादा ८५. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरच ४० अंशांचं असतं. त्याच पट्टीनं मोजलं तर लाकूड १०५ पर्यंत जाईल. म्हणून मी माझ्यापुरता सरळ आकडा ठेवलाय: लाकूड ७५ च्या वर नको, ऋतू कोणताही असो.

त्याच शेगड्यांच्या अमेरिकी नियमांतली एक गोष्ट मला कधीच विसरता आली नाही. प्रमाणित नसलेली शेगडी लाकडी भिंतीपासून ३६ इंच दूर हवी. मध्ये साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत उभी केली, पण तिच्यामागे हवा खेळायला जागा सोडली नाही, तर ते अंतर २४ इंचांवर आणता येतं. तिथेच २४ गेजचा साधा पत्रा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी, भिंतीपासून एक इंच पुढे टांगला आणि खालून-वरून हवा मोकळी ठेवली, तर अंतर थेट १२ इंचांवर येतं. साडेतीन इंच वीट हरली आणि अर्धा मिलिमीटर पत्रा जिंकला. कारण पत्र्यामागची हवा तापली की वर निघून जाते, तिच्या जागी खालून थंड हवा येते, आणि मागचं लाकूड या वाऱ्यात उभं राहतं. गॅसच्या हॉबची उष्णता लाकडावरच्या शेगडीपेक्षा वेगळी असते, म्हणून ते इंच जसेच्या तसे उचलायचे नाहीत. तत्त्व मात्र तेच.

याचं उलटही लक्षात घ्या. लाकडावर स्टीलचा पत्रा थेट चिकटवला की चकचकीत दिसतो, पुसायला सोपा, घरच्यांना सुरक्षित वाटतं, आणि पत्रा आपली सगळी उष्णता शांतपणे मागच्या फळीला देत राहतो. लाकडावर थेट टाइल लावली तरी तेच, फक्त जरा उशिरा.

तर तुमच्या भिंतीसाठी मी काय करेन? फळ्यांना हात लावायचा नाही, म्हणजे बाबाही खूश. हॉबच्या डावी-उजवीकडे निदान एक-एक फूट जास्त धरून सिमेंट बोर्ड, ८ किंवा १० मिलिमीटरचा. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड मिळाला तर तोही चालेल. बोर्ड भिंतीला टेकवायचा नाही. जीआय पाइपचे २५ मिलिमीटरचे तुकडे कापून ते अंतर राखायला मध्ये घालायचे आणि लांब स्क्रूनं बोर्ड सागाच्या उभ्या खांबांत पकडायचा. नुसत्या फळीत नको, कारण त्यावर टाइलचं वजन येणार आहे. आणि बर्नरच्या बरोब्बर मागे एकही स्क्रू नको. लोखंड उष्णता थेट लाकडाच्या पोटात नेतं. बोर्डावर टाइल, टाइल चिकटवायच्या ॲढेसिव्हनं.

खालची बाजू अवघड असते, कारण फट सोडायची म्हटलं की पाणी, तेल आणि झुरळं हे तिन्ही पाहुणे येणार. मी असं करतो: लाकडाला लागून ओट्यावर चार इंचाची दगडी पट्टी उभी करायची आणि तिचा सांधा सिलिकॉननं बंद करायचा. बोर्ड तिच्या पुढे, ओट्यापासून एक इंच वर संपवायचा. त्या एका इंचात स्टीलची बारीक जाळी. पाणी मागे गेलं तरी दगडाला लागून ओट्यावरच राहतं, लाकडाला शिवत नाही. जाळी काढता येईल अशी ठेवा, वर्षातून दोनदा मागे ब्रश फिरवायला लागतो. वरच्या टोकालाही तेवढीच फट उघडी हवी.

आणि इथेच भांडण होतं. सुताराला फट दिसली की त्याचे हात शिवशिवतात. संध्याकाळी तुम्ही घरी गेलात की तो प्रेमानं वर एक सुंदर मोल्डिंग पट्टी मारून ठेवतो. विचारलं तर “चालशे, साहेब, साफ देखाय.” नाही चालत. वरचं तोंड बंद झालं की मागची हवा अडकली, म्हणजे आपण एवढा खटाटोप करून लाकडासाठी भट्टी बांधली. तुम्ही पुण्यात आहात, तर त्याला सांगून ठेवा की शेवटचा हप्ता वरच्या फटीचा फोटो बघून देईन.

या सगळ्यात जागा जाते: २५ फट, ८ बोर्ड, टाइल आणि ॲढेसिव्ह मिळून १२. म्हणजे ४५ मिलिमीटर. त्यामुळे ओट्याचा दगड २४ इंची न घेता २६ इंची घ्यायला सांगा, नाहीतर वाचवलेलं अंतर आपणच खाऊन टाकू. हे दगड कापायच्या आधी सांगायचं. दगडवाला नंतर हात वर करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

भिंतीतल्या वायरी विसरू नका. जुन्या घरांत लाकडी भिंतीवरून केसिंग-पट्टीतून गेलेल्या वायरी पुष्कळदा ओट्याच्या मागूनच धावतात. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांसाठी असतं. बोर्ड लावायच्या आधी त्या बाजूला घ्या. एकदा झाकल्या की पुढची तीस वर्षं कुणी बघणार नाही.

आता तुमच्या त्या मार्बल शीटबद्दल. ती संगमरवर नाही हे तुम्हाला माहीत असेलच. पीव्हीसी, त्यात चुन्याच्या दगडाची पूड, वर छापलेलं चित्र आणि चमकदार थर. दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे लावा, माझं काही म्हणणं नाही. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. कढईच्या मागे ती आधी फुगते, मग सांध्यातून वाकते आणि चिकटवणाऱ्या गोंदासकट पुढे येते. पेटली तर तिच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, जो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. दुकानदार तुम्हाला शीटवर लायटर धरून दाखवेल की बघा, पेटत नाही. लायटर काढला की ज्योत विझते हे खरंच आहे, पीव्हीसीचा तो गुण आहे. पण आपला प्रश्न पाच सेकंदांच्या लायटरचा नाही, चार तासांच्या चकलीचा आहे. इंटिरिअरवाल्याला शीट लावायचीच असेल तर हॉबच्या दोन्ही बाजूंना दोन फूट सोडून पुढे लावू दे.

काच आवडत असेल तर मागून रंगवलेली काच चालते, एका अटीवर: ती टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, असावी. साधी काच तिच्याच दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला की तडकते, आणि मागच्या बर्नरसमोर एवढा फरक सहज पडतो. टफन काच त्याच्या कितीतरी पट सहन करते. पण टफन झाल्यावर तिला भोक पाडता येत नाही, कापता येत नाही. म्हणून स्विचबोर्डाची आणि दांडीची भोकं आधी ठरवून, मापं देऊन करून घ्यायची. मी स्वतः साध्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलचा माणूस आहे. भट्टीतून निघालेली वस्तू, तिला गॅसची काय भीती? सांध्यांना काळजी घ्या एवढंच. इपॉक्सी ग्राउट पुसायला उत्तम, पण सतत तापलं की ते मऊ आणि पिवळं पडायला लागतं. बर्नरच्या थेट मागच्या दोन ओळींत मी सिमेंटचं ग्राउट भरतो.

ओट्याचं म्हणाल तर क्वार्ट्झ नको, निदान हॉबच्या खाली-भोवती नको. नाव दगडाचं असलं तरी ती दगडाची पूड प्लास्टिकच्या राळेत बांधलेली असते. राळ वजनानं सात-दहा टक्केच, पण सगळं पकडून ठेवणारी तीच. दीडशे अंशांच्या पुढे ती रंग बदलते, आणि कढई उतरवून थेट ओट्यावर ठेवायची सवय ज्या घरात आहे तिथे पहिल्याच वर्षी एक पिवळा गोल उमटतो. आपला काळा ग्रॅनाइट स्वस्त पडतो आणि स्वयंपाकाच्या उष्णतेनं त्याला काही होत नाही. ग्रॅनाइट तुटतो तो उष्णतेपेक्षा कापण्यामुळे. कटआउटचे कोपरे कारागीर कटर चालवून चौकोनी, धारदार करतात, आणि तडा नेमका तिथून निघतो. आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडायची, मग भोकापासून भोकापर्यंत ब्लेड चालवायचं. पुढच्या ५५ मिलिमीटरच्या पट्टीखाली लोखंडी अँगलचा आधार द्यायचा. त्या पट्टीवर कुणीतरी कधीतरी हात टेकून उभं राहतंच.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घ्या. लाकडी भिंत तशीच, तिच्यापुढे एक इंच हवा, मग सिमेंट बोर्ड, मग टाइल, आणि वर-खाली तोंडं उघडी. ओटा २६ इंच, ग्रॅनाइट. शीट आणि क्वार्ट्झ दुसरीकडे कुठेतरी.

आता हॉबच्या खाली. माझ्या अनुभवात लोक मागच्या भिंतीची काळजी करतात आणि चूक खालच्या कपाटात होते. काही हॉबचे बर्नर ज्योतीसाठी लागणारी हवा काचेच्या वरूनच घेतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलांत, जड पितळी बर्नरवाल्यांत विशेषतः, हवा मिसळायची नळी खाली असते आणि बर्नर कपाटातूनच श्वास घेतो. कपाट चारी बाजूंनी गच्च, वर सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर, मागे बॅक-प्लाय, अशी रचना झाली की बर्नर गुदमरतो. ज्योत निळ्याची पिवळी होते, लांबते, भांड्यांची बुडं काळी होतात. लोक म्हणतात गॅस खराब आलाय. काळं बूड दिसतं तरी, त्याच्याबरोबर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि वासालाही कळत नाही. अशी लांबलेली, इकडेतिकडे पसरणारी ज्योत शेजारच्या वस्तूही जास्त तापवते.

ओळखायचं कसं? हॉबच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते हाताशी नसेल तर ज्योत पूर्ण चालू करून खालच्या कपाटाचं दार उघडा आणि बंद करा. दार उघडल्यावर ज्योत निळी, ताठ होत असेल तर तुमचा बर्नर खालून हवा घेतोय. उपाय साधा: कपाटाच्या बॅक-प्लायला किंवा बाजूला जाळी, एक अगदी खाली, एक वर. हॉबच्या पत्र्याच्या पेटीखाली मोकळी जागा ठेवायची आणि त्याखाली एक आडवा पत्रा किंवा सिमेंट बोर्डचा तुकडा, म्हणजे ड्रॉवरमधले किचन नॅपकिन पेटीला लागणार नाहीत. किती जागा, ते त्या हॉबच्या माहितीपत्रकात बघा, मॉडेलाप्रमाणे बदलतं. हॉबखाली ओव्हन बसवणार असाल तर गणित पूर्ण बदलतं, तेव्हा दोघांचीही माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचा.

गॅसचं थोडं. बडोद्यात पाइपचा गॅस १९७२ पासून आहे, त्यामुळे जुन्या शहरात बहुतेक घरी तोच असतो. पण हॉब अनेकदा सिलिंडरच्या जेटचा येतो; जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून ३० मिलिबार दाबानं गॅस येतो, पाइपचा २१ मिलिबारनं, आणि सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात अडीच-तीन पट ऊर्जा असते. सिलिंडरचे जेट पाइपवर ठेवले तर ज्योत मरगळलेली, एवढंच. उलटं झालं, म्हणजे पाइपचे मोठे जेट सिलिंडरवर, तर ज्योत भांड्याच्या बाहेर फूटभर फाकते. घर बदलताना जुना हॉब सोबत नेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. सिलिंडर असेल तर तो हॉबच्या खालच्या बंद कपाटात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून मी दोन जाळ्या म्हणालो. रबरी नळी हॉबच्या तळाला टेकता कामा नये, आयएस ९५७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली घ्या आणि पाच वर्षांनी बदला. बंद करायचा कॉक ड्रॉवर न उचकटता हाताला लागला पाहिजे. आईंना तो दाखवून ठेवा, त्यांच्याकडून एकदा बंद-चालू करवून घ्या.

उजवीकडच्या उंच कपाटावर माझी स्वतःची एक जखम आहे, ती सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी रावपुऱ्यात एका घरी मी असंच हॉबपासून दोन इंचावर उंच कपाट उभं करू दिलं. प्लाय चांगला, फिनॉलिक गोंदाचा, आयएस ७१० चा. लॅमिनेटही चांगलं. मी निर्धास्त. दिवाळीनंतर बाईंचा फोन. कपाटाची कड सुटून बाहेर आली होती आणि लॅमिनेटवर कढईच्या उंचीला तपकिरी पट्टा. प्लायला काही झालं नव्हतं. कडेची पीव्हीसी पट्टी ज्यानं चिकटवली होती तो गोंद साध्या गरमीत वितळला होता, आणि लॅमिनेट चिकटवलेला पांढरा गोंदही तसाच उष्णतेनं ढिला पडणारा. मटेरियल सगळं बरोबर, जोडणारं चुकलं. कपाट माझ्या खर्चानं सरकवलं. तेव्हापासून हॉबच्या काचेच्या कडेपासून उंच कपाटापर्यंत निदान एक फूट ओटा मोकळा ठेवतो. बरीच माहितीपत्रकं याहून कमी अंतर चालेल म्हणतात, पण ती लिहिणाऱ्यानं कधी चकल्या तळल्या नसाव्यात. तुमच्याकडे फूट निघत नसेल तर कपाटाच्या त्या बाजूलाही भिंतीसारखाच, मागे फट ठेवून, स्टीलचा पत्रा.

चिमणीचं लवकर आटपतो. हॉबपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर वर. सुंदर दिसते म्हणून खाली घेऊ नका, तिच्या जाळीतलं तेल पेटतं. जोरदार चिमणी चालू असताना एक खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ती खोलीतली हवा ओढते आणि बर्नरला काही उरत नाही. वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून खिडकी बंद ठेवणारे खूप आहेत. त्यापेक्षा ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा हॉब घ्या, वयस्कर आई-बाबांच्या घरी तर तोच.

हॉबची काच फुटण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबा विचारतील. टफन काच फुटते तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज करून खडीसाखरेसारखे तुकडे होतात. कारणं बहुधा साधी असतात. कटआउट तिरका, म्हणून काच एका कोपऱ्यावर टेकलेली. क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळलेले. बर्नरची टोपी धुऊन वाकडी ठेवल्यानं ज्योत काचेकडे वळलेली. किंवा दोन बर्नर झाकणारं मोठं पातेलं, ज्याच्या बुडाखाली गरम हवा कोंडून काच भाजते. मोठ्या भांड्यासाठी एखादी साधी उभी शेगडी गॅलरीत ठेवून द्या. आमच्या घरीही तीच आहे, आणि पुरणाचं पातेलं तिच्यावरच चढतं.

काम झाल्यावर सुताराचे पैसे चुकवायच्या आधी एक चाचणी घ्या. तुम्ही येणार असाल त्या रविवारी. मागच्या मोठ्या बर्नरवर घरातली सर्वांत रुंद कढई, पाणी भरून, ज्योत पूर्ण, एक तास. पाणी आटेल तसं घालत राहा. मग दुरून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं यंत्र मिळतं, त्यानं टाइल, कपाटाची बाजू आणि हॉबखालच्या ड्रॉवरचा वरचा भाग मोजा. चकचकीत स्टीलवर ते यंत्र फसतं, खरं तापमान असेल त्याहून फार कमी दाखवतं, म्हणून तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखायचं. टाइल नव्वद दाखवू दे, घाबरू नका. वरच्या फटीतून आत वाकून, टाइलच्या मागच्या लाकडावर नेम धरा; तिथे मघाचा ७५ चा आकडा ओलांडता कामा नये. यंत्र नसेल तर तळहात लाकडावर ठेवा: निवांत दहा आकडे मोजता आले तर ठीक. हात झटकन काढावा लागला तर कुठेतरी हवा अडली आहे, बहुधा त्या मोल्डिंग पट्टीनं.

आणि हॉब निवडायच्या आधी आईंना एक विचारून घ्या, त्या तवा कोणत्या बर्नरवर ठेवतात. बहुतेक बायका उजव्या हाताला, पुढे ठेवतात. बऱ्याच हॉबमध्ये मोठा बर्नर मागे डावीकडे असतो. मग तवा रोज मागे ढकलला जातो, आणि आपण वर केलेला हिशोब तिथूनच सुरू होतो. मोठा बर्नर पुढे असलेला हॉब मिळतो, जरा शोधावा लागतो.